हेन्री ग्राइम्स यांचा 'लाइव्ह ॲट द केरावा जॅझ फेस्टिव्हल': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्री जॅझ, म्हणजे ठरलेल्या चौकटीतून मोकळं केलेलं जॅझ, ऐकायला सुरुवात कुठून करू, असं कोणी विचारलं की मी बहुतेक वेळा हा अल्बम सुचवतो. मग जे प्रश्न येतात ते थोड्याफार फरकाने तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

हा अल्बम नेमका कोणता? त्यात कोण कोण वाजवतं?

फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या उत्तरेला केरावा नावाचं छोटं शहर आहे. तिथल्या जॅझ महोत्सवात २००४ च्या जूनमध्ये ही मैफल झाली. डबल बास या मोठ्या, खालच्या सुरांच्या तंतुवाद्यावर हेन्री ग्राइम्स, टेनर सॅक्सोफोन आणि बास क्लॅरिनेटवर डेव्हिड मरे, ड्रम्सवर हमीद ड्रेक. 'आयलर रेकॉर्ड्स' या स्वीडिश कंपनीने पुढच्या वर्षी ही मैफल अल्बम म्हणून काढली. नेतृत्व ग्राइम्स यांचं. त्या दिवशी ते ६८ वर्षांचे होते. बास पुन्हा हातात घेऊन त्यांना जेमतेम दीड वर्ष झालं होतं.

पुन्हा हातात घेऊन म्हणजे? आधी सोडला होता का?

हो, जवळपास पस्तीस वर्षं. पण ती गोष्ट सांगण्याआधी सोडण्यापूर्वीचे ग्राइम्स कोण होते ते सांगायला हवं. नाहीतर एक हरवलेला म्हातारा सापडला आणि लोकांनी कौतुकाने त्याला मंचावर बसवलं, असा समज होतो. तो साफ चुकीचा आहे.

ग्राइम्स यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९३५ चा, फिलाडेल्फियाचा. बाराव्या वर्षी व्हायोलिन हातात आलं, मग शाळेत ट्यूबा, इंग्लिश हॉर्न आणि शेवटी डबल बास. पुढे न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड या संगीतविद्यालयात शिक्षण झालं. विशीत असतानाच जेरी मलिगन आणि सनी रोलिन्स यांच्याबरोबर ते वाजवू लागले. १९५८ च्या न्यूपोर्ट जॅझ महोत्सवात ते २२ वर्षांचे होते आणि त्या एकाच महोत्सवात बेनी गुडमन, ली कोनिट्झ, रोलिन्स, टोनी स्कॉट आणि थेलोनियस मंक अशा वेगवेगळ्या लोकांच्या साथीला उभे राहिले. यातल्या प्रत्येकाचं संगीत वेगळं, प्रत्येकाची अपेक्षा वेगळी. मंकबरोबरचं त्यांचं वादन 'जॅझ ऑन अ समर्स डे' या माहितीपटात पाहायला मिळतं.

साठच्या दशकात जॅझमध्ये जे काही नवं घडत होतं, त्या बहुतेक ठिकाणी बास ग्राइम्स यांचाच होता. सेसिल टेलरचे 'युनिट स्ट्रक्चर्स' आणि 'काँकिस्टाडोर', डॉन चेरीचा 'कम्प्लीट कम्युनियन', अल्बर्ट आयलरचा 'स्पिरिट्स रिजॉइस', फॅरो सँडर्सचा 'ताउहीद'. आणि त्याच काळात रॉय हेन्स, मॅकॉय टायनर यांच्या अगदी पारंपरिक घडणीच्या अल्बममध्येही तेच. जुनं आणि नवं यांच्यात तेव्हा कडाक्याचे वाद चालू होते. ग्राइम्स दोन्ही घरांत मोकळेपणाने येत-जात होते.

मग त्यांनी बास का सोडला?

त्यांनी ठरवून सोडला नाही. साठच्या दशकाच्या अखेरीस ते काम मिळवण्यासाठी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गेले. जॉन हेंड्रिक्स आणि अल जारो या गायकांबरोबर वाजवायचं ठरलं होतं. ते काम फार टिकलं नाही. लॉस एंजेलिसमध्ये असताना बास दुरुस्तीला आलेला होता. दुरुस्तीला पैसे नव्हते, म्हणून मिळेल त्या किमतीला तो विकावा लागला.

डबल बास माणसाच्या उंचीपेक्षा मोठा असतो. कोणी कपाटात जपून ठेवलेला जुना बास सहज उसना देईल, असं होत नाही. शहर परकं, खिशात पैसे नाहीत, वाद्यही नाही. मग साफसफाईची कामं, बांधकामावरची मजुरी, एका खोलीच्या स्वस्त हॉटेलात राहणं. दिवस जात राहिले. जॅझच्या जगाशी काही संबंध उरला नाही. काही संदर्भग्रंथांत तर ते वारल्याची नोंदही झाली.

या वर्षांत त्यांनी एक गोष्ट मात्र सोडली नाही. ते वह्यांमध्ये कविता लिहीत राहिले. त्यांतल्या निवडक कवितांचं 'साइन्स अलाँग द रोड' हे पुस्तक २००७ मध्ये निघालं.

ते सापडले कसे?

मार्शल मॅरॉट नावाच्या जॉर्जिया राज्यातल्या एका समाजसेवकाला जॅझची मनापासून आवड होती. ग्राइम्स खरंच गेले का, याचा पाठपुरावा त्याने नेटाने केला, सरकारी कागदपत्रं धुंडाळली आणि २००२ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये त्यांना गाठलं. तेव्हा ग्राइम्स यांनी कधी सीडी पाहिलेली नव्हती. अल्बर्ट आयलर १९७० मध्ये वारला, हेही त्यांना माहीत नव्हतं. ते मॅरॉटकडूनच कळलं.

बातमी न्यूयॉर्कला पोचली. तिथल्या विल्यम पार्कर या बासवादकाने आपल्याकडचा एक बास ग्राइम्स यांना पाठवून दिला. हिरवट रंगाचा, म्हणून त्याचं नाव 'ऑलिव्ह ऑइल'. २००२ च्या डिसेंबरमध्ये तो लॉस एंजेलिसला पोचला आणि २००३ च्या मे महिन्यात ग्राइम्स न्यूयॉर्कच्या व्हिजन फेस्टिव्हलमध्ये मंचावर होते. मध्ये साधारण पाच महिने. बासच्या जाड तारांवर बोटांना घट्टे पडायला लागतात, डाव्या हाताच्या पंजात ताकद यावी लागते, ते सगळं या पाच महिन्यांत नव्याने उभं केलं. वाद्य शिकणाऱ्या कोणालाही या वाक्याचं वजन कळेल.

पार्करबद्दल थोडं सांगायला हवं. स्वतः त्याच वाद्याचा वादक, त्याच संगीताचा, त्याच शहरातल्या त्याच मंचांवर वाजवणारा. आपल्याच क्षेत्रातला एक मोठा माणूस परत यावा म्हणून त्याने स्वतःचं वाद्य दिलं. मला या साऱ्या हकिकतीत सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते.

ही कहाणी इतकी जबरदस्त आहे, तर अल्बमही तिच्यामुळेच चांगला वाटतो का?

हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचं उत्तर नाही असं आहे. मी तर सांगेन की पहिल्यांदा ऐकताना कहाणी बाजूला ठेवा. ग्राइम्स यांच्याविषयी लिहिलेलं बरंचसं लिखाण चमत्काराभोवतीच फिरतं आणि वादनाविषयी दोन ओळींत संपतं. हा त्यांच्यावर अन्यायच आहे. केरावाच्या मंचावर जो माणूस उभा आहे तो सहानुभूती मागत नाही, तो बाकीच्या दोघांना वाट दाखवतो. मरे आणि ड्रेक दोघेही १९५५ चे. ग्राइम्स यांनी स्वतःच्या नावावरचा पहिला अल्बम ध्वनिमुद्रित केला तेव्हा हे दोघे दहा वर्षांचे होते. केरावाला मात्र दोघेही भर उमेदीतले, नावाजलेले, अंगात प्रचंड जोर असलेले वादक. त्यांच्यासमोर कोणी नुसतं आठवणींवर टिकू शकत नाही.

बासवादक नेता कसा असू शकतो? तो तर मागे उभा राहून साथ करतो.

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, म्हणून सविस्तर सांगतो.

नेहमीच्या जॅझमध्ये बासकडे दोन कामं असतात. चाल धरून ठेवणं आणि प्रत्येक कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटाचा, मूळ सूर देणं. गाण्याच्या कॉर्ड्सचं आवर्तन ठरलेलं असतं, त्यामुळे पुढच्या मात्रेला बास कुठे असेल हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. बास नीट चालला की त्याच्याकडे कोणाचं लक्षही जात नाही.

फ्री जॅझमध्ये हे आवर्तन काढून टाकलेलं असतं. आता सॅक्सोफोन वाजवणाऱ्याला कुठेही जाता येतं. पण तो जिथे जाईल तिथला सूर कसा लागेल, हे कोण ठरवतं? खाली वाजणारा सूर.

आपल्या स्वरांत मांडून पाहू. समजा सॅक्सोफोनने एक लांब सूर धरला आणि खाली बासने षड्ज दिला. वरचा सूर पंचम आहे असं धरा. स्थिर, स्वस्थ. आता सॅक्सोफोन तिथेच थांबला आहे आणि बास कोमल गंधारावर गेला. कानाला खालचा नवा सूर षड्ज वाटू लागला की वरचा तोच सूर आता शुद्ध गंधार होतो. त्यात एकदम गोडवा येतो. बास तिथून तीव्र मध्यमावर गेला तर वरचा तोच सूर कोमल ऋषभ होऊन बसतो. घासतो, टोचतो, पुढे सरकायला भाग पाडतो. सॅक्सोफोनवाल्याने एकही बोट हलवलेलं नाही, श्वासही तोच, तरी त्याच्या एकाच सुराचे तीन अर्थ झाले. षड्जचालन, म्हणजे षड्जाची जागा बदलणं, ज्यांनी ऐकलं आहे त्यांना हे लगेच कळेल. फरक इतकाच की आपल्याकडे तंबोरा मैफल संपेपर्यंत हलत नाही आणि इथे तंबोराच हलतो, तोही कोणाला न विचारता.

म्हणजे बासवादकाला पुढे यावं लागत नाही, मोठ्याने वाजवावं लागत नाही. खालून एक पाऊल बदललं की वरचा सगळा डोलारा वेगळा दिसतो. ग्राइम्स हे अत्यंत वेगाने करतात. त्यांचं बोटांनी वाजवणं म्हणजे एकेक ठळक सूर टाकणं नसतं. सुरांची लांबच लांब साखळी, मध्ये श्वास न घेता, एका कल्पनेतून दुसरी निघत जाणारी. मरे त्यातलं एखादं टोक पकडतो आणि वर नेतो. ड्रेक त्यातला एखादा आघात उचलतो आणि त्याचा ठेका करतो. कोणी कोणाकडून काय घेतलं, हे ऐकत राहणं हाच या अल्बमचा खरा आनंद आहे.

फ्री जॅझ म्हणजे काहीही वाजवायचं ना?

नाही. काहीही वाजवलं की पाच मिनिटांत तिघेही थकतात आणि श्रोतेही उठून जातात.

सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट क्लबमध्ये आला तेव्हापासून हा आक्षेप ऐकू येतो आहे. त्याने आणि त्याच्यानंतरच्यांनी कॉर्ड्सचं ठरलेलं आवर्तन सोडलं, कधी मात्रांची ठरलेली मोजणीही सोडली. पण ऐकणं सोडलं नाही, उलट दुप्पट केलं. आधी नकाशा हातात होता, आता एकमेकांवरच लक्ष ठेवून चालायचं. सुरावट असते, ती सुरुवातीला आणि शेवटी वाजतेही. मधल्या भागात त्या सुरावटीचे तुकडे, तिचा भाव, तिची लय यांचा विस्तार होतो. ज्याने बंदिशीच्या मुखड्यावरून उपज होताना ऐकली आहे, त्याला यात फार परकं काही वाटू नये.

पियानो का नाही? तिघांमध्ये रिकामं वाटत नाही का?

रिकामं वाटावं म्हणूनच नाही. पियानो आला की तो कॉर्ड्स सांगतो आणि बासचं वर सांगितलेलं स्वातंत्र्य निम्म्यावर येतं.

ग्राइम्स यांना ही मांडणी नवी नव्हती. १९५९ मध्ये सनी रोलिन्स पियानोशिवाय युरोपच्या दौऱ्यावर गेले तेव्हा बास ग्राइम्स यांचा होता आणि ड्रम्स पीट ला रोका यांचे. स्टॉकहोममधलं त्या त्रयीचं ध्वनिमुद्रण आज उपलब्ध आहे. ते आणि केरावाचा अल्बम लागोपाठ ऐकून पाहा. मध्ये पंचेचाळीस वर्षं आहेत. टेनर सॅक्सोफोन, बास, ड्रम्स ही मांडणी तीच, प्रदेशही उत्तर युरोपचाच. पहिल्यात ग्राइम्स रोलिन्सच्या लयीला घट्ट धरून चालतात, दुसऱ्यात ते स्वतः जमीन हलवत ठेवतात. पण सुराचा भरदारपणा तोच आहे. हाताची ओळख इतक्या वर्षांनंतरही पुसली जात नाही, हे मला तिथे कळलं.

डेव्हिड मरे आणि हमीद ड्रेक यांच्याविषयी थोडं सांगा.

मरे कॅलिफोर्नियातला. १९७५ मध्ये न्यूयॉर्कला आला आणि वर्ल्ड सॅक्सोफोन क्वार्टेटच्या संस्थापकांपैकी एक झाला. त्याच्या टेनरमध्ये जुन्या धाटणीचा रुंद, कंपयुक्त, चर्चमधल्या गाण्याची आठवण करून देणारा सूर आहे. तिथून एका उडीत तो वाद्याच्या नेहमीच्या पट्टीच्या वर जातो, जिथे सॅक्सोफोन अक्षरशः किंचाळतो. बास क्लॅरिनेटवर मात्र तोच माणूस लाकडी, खोल, जवळजवळ बोलल्यासारखा वाजवतो. बास क्लॅरिनेट आणि बास एकत्र आले की दोन्ही आवाज खालच्याच भागातले असल्यामुळे काही क्षण कोणाचा सूर कोणता हेही कळत नाही. तिथे थोडं कान देऊन ऐका.

हमीद ड्रेक शिकागोच्या वातावरणात, फ्रेड अँडरसन यांच्यासारख्या बुजुर्गाच्या सहवासात घडला. तो तबलाही शिकला आहे आणि हातात धरून वाजवायच्या डफासारख्या वाद्यांवरही त्याचा हात आहे. ते त्याच्या ड्रम्समध्ये ऐकू येतं. नुसता जोर नाही, प्रत्येक ड्रमचा बोल वेगळा. फ्री जॅझचे बरेच ड्रमर लय मोडून टाकतात. ड्रेकला लय मोडताही येते आणि पाय हलावेत असा ठेका धरताही येतो, आणि एकातून दुसऱ्यात तो कधी गेला ते कळत नाही. नव्या श्रोत्याला हा अल्बम मी सुचवतो त्याचं अर्धं कारण ड्रेक आहे. बाकी सगळं निसटलं तरी त्याच्या ठेक्याला धरून राहता येतं.

या अल्बममधल्या 'फ्लॉवर्स फॉर अल्बर्ट' या रचनेतला अल्बर्ट कोण?

अल्बर्ट आयलर, टेनर सॅक्सोफोनवादक. १९७० च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमध्ये त्याचा मृतदेह सापडला, तेव्हा तो ३४ वर्षांचा होता. मरेने त्याच्या स्मरणार्थ ही रचना केली आणि १९७६ च्या त्याच्या अल्बमला तिचंच नाव आहे. त्यानंतर ती त्याने असंख्य वेळा वाजवली. सुरावट साधी, गुणगुणता येईल अशी आहे. आयलरच्याही सुरावटी अशाच असायच्या, लहान मुलांची गाणी किंवा मिरवणुकीतल्या बँडची धून वाटाव्या अशा, आणि मग त्यांतून तो वणवा पेटवायचा.

वर सांगितलेली कहाणी बाजूला ठेवा असं मी म्हटलं होतं. इथे मात्र ती आठवल्यावाचून राहत नाही. मरेसाठी आयलर हा तरुणपणी ऐकलेला, आदर्श मानलेला वादक. ग्राइम्स त्याच्याबरोबर १९६४-६५ मध्ये खांद्याला खांदा लावून वाजवत होते. बाकीच्या जगाने आयलरचा शोक तीस वर्षांपूर्वी करून घेतला होता. ग्राइम्स यांना ती बातमी कळून दोन वर्षंही झाली नव्हती. रचना मरेची, फुलंही मरेचीच, पण केरावाला ती वाहिली जात असताना खाली बास होता तो आयलरच्या स्वतःच्या साथीदाराचा.

आणि अल्बम काढणाऱ्या कंपनीचं नावही आयलरवरूनच आहे.

गजाने वाजवलेलं मला कळत नाही. ते बेसूर का वाटतं?

बासच्या तारेवर गज घोडीच्या अगदी जवळ फिरवला की मूळ सूर मागे पडतो आणि त्याच्या आतले वरचे सूर शिट्टीसारखे बाहेर येतात. एकाच तारेतून दोन-तीन आवाज आल्यासारखे वाटतात. त्यात लाकडाची घरघर, तारेचं खरखरणं मिसळतं. हे चुकून होत नाही, त्यासाठी उजव्या हाताचा दाब आणि वेग फार काटेकोर लागतो.

ग्राइम्स मुळात व्हायोलिनवाले, त्यामुळे गज हा त्यांचा पहिला मित्र. वयाच्या सत्तरीत त्यांनी मैफलींत पुन्हा व्हायोलिनही वाजवायला सुरुवात केली. त्यांचा गज ऐकताना एकेक सूर मोजायला जाऊ नका. सारंगी गायकाच्या गळ्यामागे धावताना तिच्यातून जो कण ऐकू येतो, तो पकडायचा प्रयत्न करा.

मोबाइलवर ऐकलं तर चालेल का?

हेडफोन लावून चालेल. मोबाइलच्या स्पीकरवर कृपा करून नको.

बासच्या सर्वांत खालच्या तारेचा मूळ सूर साधारण ४१ हर्ट्झचा असतो, त्याच्या वरच्या तारेचा ५५ चा. फोनचे इवलेसे स्पीकर तिथपर्यंत उतरूच शकत नाहीत. तुम्हाला ऐकू येतात ते फक्त बोटांचे टकटक आवाज आणि वरचे सूर. म्हणजे ज्याच्या नावावर अल्बम आहे तोच माणूस गायब. मग सॅक्सोफोन आणि झांजा तेवढ्या उरतात आणि लोक म्हणतात, नुसता गोंगाट आहे. साधे वायरवाले हेडफोन पुरतात, महागड्या यंत्रणेची गरज नाही. घरी थोडे मोठे स्पीकर असतील तर फारच छान.

ऐकायचं कसं? मध्येच हरवल्यासारखं होतं.

हरवलात तर बासकडे या. एवढंच.

शक्य असेल तर पहिल्या वेळी सगळा अल्बम फक्त बासवर लक्ष ठेवून ऐका. सॅक्सोफोन आपोआप ऐकू येईलच, त्याला आपल्या लक्षाची गरज नाही. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा नेहमीसारखं ऐका. मी ओळखीच्या अनेकांना हे सांगून पाहिलं आहे आणि ज्यांनी खरंच केलं त्यांना हे संगीत पुन्हा कधी परकं वाटलं नाही. कामं करता करता मागे लावून ठेवायचा हा अल्बम नाही. वेळ नसेल तर एकच रचना ऐका, पण बसून ऐका.

स्टुडिओतल्या अल्बमपेक्षा लाइव्ह का?

फ्री जॅझ त्या क्षणी, त्या खोलीत, त्या लोकांसमोर घडतं. स्टुडिओत पुन्हा एकदा घेऊ या असं म्हणता येतं. मंचावर चुकलेला सूरही पुढच्या सुराने सावरून घ्यावा लागतो आणि पुष्कळदा त्या सावरण्यातूनच सर्वोत्तम जागा निघते. तोटाही आहे. लाइव्ह ध्वनिमुद्रणात ड्रम्स बासच्या मायक्रोफोनमध्ये शिरतात आणि मोठ्या आवाजाच्या जागी बास थोडा झाकला जातो. ती किंमत मला मान्य आहे.

या सगळ्याचा आपल्याशी, महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

या अल्बमचा थेट नाही आणि ओढूनताणून जोडणार नाही. पण ग्राइम्स यांच्या जगाचा एक धागा मुंबईत नक्की येतो. ज्या सनी रोलिन्सबरोबर त्यांनी ती युरोपची त्रयी वाजवली, ते रोलिन्स साठच्या दशकाच्या शेवटी जॅझच्या धंद्याला कंटाळून भारतात आले आणि पवईला स्वामी चिन्मयानंदांच्या सांदीपनी साधनालयात काही महिने राहिले. म्हणजे जवळपास एकाच काळात एकेकाळचे हे दोन साथीदार न्यूयॉर्कच्या मंचावरून दूर झाले होते. एक आपणहून, परतीचं तिकीट असलेला. दुसरा परिस्थितीने. रोलिन्स पुढे १९७८ मध्ये पहिल्या 'जॅझ यात्रा' महोत्सवासाठी मुंबईत येऊन वाजवूनही गेले. धोबी तलावाजवळच्या रंगभवनात त्या काळी जॅझ ऐकलेली माणसं आजही मुंबई-पुण्यात भेटतात. त्यांच्याकडे आठवणी मागा, ते खुशीने सांगतात.

ग्राइम्स यांचं पुढे काय झालं?

ते थांबले नाहीत. केरावानंतर शेकडो मैफली, अनेक देश. गिटारवादक मार्क रिबोबरोबर आयलरचं संगीत, ड्रमर रशीद अलीबरोबर जुगलबंदीचे अल्बम, सेसिल टेलरबरोबर पुन्हा एकदा मंच आणि एकट्याने बास-व्हायोलिन वाजवलेला 'सोलो' हा दोन सीडींचा अल्बम. परत आल्यानंतरची त्यांची कारकीर्द पहिल्या कारकिर्दीपेक्षा जास्त वर्षं चालली, हे फारसं कोणी सांगत नाही.

१५ एप्रिल २०२० रोजी न्यूयॉर्कमध्ये कोविडमुळे ते गेले. वय ८४. त्याच दिवशी, त्याच शहरात, त्याच आजाराने ली कोनिट्झ गेले, वय ९२. न्यूपोर्टच्या त्या १९५८ च्या महोत्सवात ज्यांच्यामागे बावीस वर्षांचे ग्राइम्स उभे होते, तेच कोनिट्झ.

हा अल्बम आवडला. आता पुढे काय ऐकू?

मागे जायचं असेल तर 'द कॉल'. १९६५ च्या डिसेंबरमध्ये क्लॅरिनेटवर पेरी रॉबिन्सन आणि ड्रम्सवर टॉम प्राइस यांच्याबरोबर केलेला, ग्राइम्स यांच्या नावावरचा पहिला अल्बम. केरावापेक्षा शांत, जास्त बारीक कोरलेला. क्लॅरिनेटच्या नाजूक आवाजामुळे बासला भरपूर जागा मिळते. वाद्यमेळ म्हणून तो मला केरावापेक्षाही सरस वाटतो, पण सुरुवात म्हणून नाही.

त्यानंतर डॉन चेरीचा 'कम्प्लीट कम्युनियन'. सेसिल टेलरचा 'काँकिस्टाडोर' थोडा थांबून घ्या. त्यात ग्राइम्स आणि ॲलन सिल्वा असे दोन बास एकाच वेळी आहेत, आणि तोवर एक बास कानात पक्का बसलेला असला तर दोन वेगळे करता येतात. पुढे जायचं असेल तर रिबोबरोबरचा 'लाइव्ह ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड'. आणि ज्याने हिरवा बास पाठवला त्या विल्यम पार्करचेही अल्बम जरूर ऐका. हमीद ड्रेक त्यांतल्या कित्येकांत ड्रम्सवर आहे, त्यामुळे एक ओळखीचा हात तिथेही भेटेल.